शेतीपंपाचा कपॅसिटर : पाटीवरचे आकडे वाचा, मगच विकत घ्या



या पानावर आपण एरवी बेणे, बेसल डोस, तणनाशक, खोडवा व्यवस्थापन असे विषय घेतो. या खेपेस विषय विजेचा आहे, पण तो उसाच्या बाहेरचा नाही. सुरू उसाला फुटवे फुटण्याचा काळ आणि आपल्या तळोदे तालुक्यातला कडक उन्हाळा एकाच वेळी येतात. नेमके त्याच दिवसांत डी.पी. जळते. रोहित्र उतरवून, दुरुस्त होऊन परत चढेपर्यंत दहा-बारा पंप बंद पडतात. त्या काळात उसाची एक पाळी चुकली तर फुटवे मरतात, आणि मेलेला फुटवा पुढे कितीही युरिया टाकला तरी उभा राहत नाही. गाळपाच्या वेळी काट्यावर वजन कमी भरते, त्याचे मूळ पुष्कळदा अशा चुकलेल्या पाळीत असते.

रोहित्रावरचा भार कमी करण्याचे एक साधन प्रत्येक पंपधारकाच्या हातात आहे, ते म्हणजे कपॅसिटर. बोलताना आपण त्याला कंडेन्सर म्हणतो. महावितरण दर वर्षी त्याबद्दल आवाहन करते, आणि बरेच सभासद दुकानात जाऊन ‘पाच एच.पी.चा कंडेन्सर द्या’ म्हणून एखादा डबा घेऊनही येतात. पण डब्यावरच्या पाटीत काय लिहिले आहे ते वाचणारे थोडे. बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल आपण वाचतो, खताच्या गोणीवरचे १०:२६:२६ वाचतो, तशीच ही पाटीही वाचता आली पाहिजे. ती कशी वाचावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कपॅसिटर करतो काय?

आपला विहिरीवरचा जुना सेंट्रिफ्युगल पंप आठवा. फूटव्हॉल्व्ह उतरला की पंपात वरून पाणी भरल्याशिवाय तो पाणी उचलत नाही. हे भरलेले पाणी काही उसाला जात नाही, पण त्याच्याशिवाय पंप चालतही नाही. आता समजा, हे भरण्याचे पाणी दर वेळी गावातून बैलगाडीने आणायचे ठरवले, तर रस्ता त्या गाड्यांनीच भरून जाईल. त्यापेक्षा विहिरीजवळ एक हौद बांधला की काम जागच्या जागी होते.

विजेच्या मोटरचेही तसेच आहे. ती दोन प्रकारची वीज ओढते. एक पाणी उपसण्याच्या कामाला लागते, ती किलोवॅटमध्ये मोजतात. दुसरी मोटरच्या आत चुंबकत्व तयार करण्यासाठी लागते, ती किलोव्हारमध्ये (के.व्ही.ए.आर.) मोजतात. ही दुसरी वीज खर्च होत नाही. रोहित्र आणि मोटर यांच्यामध्ये ती सारखी ये-जा करते. पण तारेत आणि रोहित्रात जागा मात्र अडवते. दोन्ही मिळून रोहित्रावर जो भार पडतो तो के.व्ही.ए. होय. रोहित्रावर ६३ किंवा १०० असा आकडा असतो तो याच के.व्ही.ए.चा.

कपॅसिटर म्हणजे विहिरीजवळचा तो हौद. चुंबकत्वाला लागणारी वीज तो मोटरला जागेवरच पुरवतो, म्हणून ती लांबून आणावी लागत नाही. कामाची वीज आणि एकूण भार यांच्या प्रमाणाला शक्तिगुणक किंवा पॉवर फॅक्टर म्हणतात. तो १ च्या जितका जवळ, तितके चांगले.

हिशेब करून पाहू

पाच अश्वशक्तीची पाणबुडी मोटर धरा. पाच अश्वशक्ती म्हणजे ३.७३ किलोवॅट. मोटरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर ती ४.६६ किलोवॅट ओढते. शक्तिगुणक ०.८० असेल तर सोबत ३.५ किलोव्हार लागतात आणि एकूण भार ५.८३ के.व्ही.ए. होतो. ४१५ व्होल्टला हा करंट सुमारे ८.१ अँपिअर.

याच मोटरला २ किलोव्हार, ४४० व्होल्टचा कपॅसिटर लावला की ४१५ व्होल्टला तो १.७८ किलोव्हार देतो (का, ते पुढे येईल). रोहित्राकडून आणायचे उरतात १.७२. एकूण भार ४.९७ के.व्ही.ए.वर येतो, करंट ६.९ अँपिअर होतो आणि शक्तिगुणक ०.९४ च्या घरात जातो.

सव्वा अँपिअरने काय होणार, असे वाटेल. म्हणून आता एका डी.पी.चा हिशेब घेऊ. ६३ के.व्ही.ए.चे रोहित्र, त्यावर असे बारा पंप, सगळे एकदम चालू :

एकानेही कपॅसिटर लावला नाही तर भार ७० के.व्ही.ए.
चौघांनी लावला तर ६६ के.व्ही.ए.
आठांनी लावला तर ६२ के.व्ही.ए.
बाराही जणांनी लावला तर साडेएकोणसाठ के.व्ही.ए.

हे चार आकडे नीट पाहावेत. ६३ च्या रोहित्रावर ७० चा भार म्हणजे ते भर उन्हात तापत राहणार. चौघांनी लावूनही ते मर्यादेच्या वरच राहते. आठांनी लावले तर काठावर येते, बारांनी लावले तरच निभावते. म्हणजे हे एकट्याचे काम नाही. एकट्याने कपॅसिटर लावला आणि ‘काही फरक पडला नाही’ म्हणून काढून टाकला, असे सांगणारे सभासद आम्हाला भेटतात. त्यांचे निरीक्षण खरे आहे, पण त्यावरून काढलेला अर्थ चुकीचा आहे.

पाटीवरचे आकडे

आता मुख्य विषयाकडे वळू. कपॅसिटरच्या डब्यावर किंवा नळकांड्यावर जी पाटी असते, तिच्यावर पुढील गोष्टी पाहाव्यात.

(१) किलोव्हार आणि व्होल्ट – दोन्ही एकत्र वाचा. नुसता ‘३ किलोव्हार’ हा आकडा अर्धवट आहे. तो किती व्होल्टला, हे पाहिल्याशिवाय त्याला किंमत नाही. कपॅसिटरची देण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. व्होल्टेज निम्मे झाले तर ताकद निम्मी होत नाही, पाव होते. म्हणून ४४० व्होल्टला २ किलोव्हार असलेला कपॅसिटर ४१५ व्होल्टला १.७८ देतो, ३५० व्होल्टला १.२७ देतो आणि ३०० व्होल्टला ०.९३ च देतो.

येथे फसगत कशी होते ते पाहा. एका डब्यावर ‘३ किलोव्हार, ४४० व्होल्ट’ आहे आणि दुसऱ्यावर ‘३ किलोव्हार, ५२५ व्होल्ट’. वरवर दोन्ही तीनचेच. पण आपल्या ४१५ व्होल्टच्या लाइनवर पहिला २.६७ देईल आणि दुसरा १.८७ च देईल. ५२५ चा माल वाईट नसतो, तो वेगळ्या ठिकाणासाठी असतो. तीनचे पैसे देऊन दोनपेक्षा कमी घरी आणू नये, एवढेच.

(२) व्होल्ट ही सहनशक्तीही आहे. पाटीवरच्या व्होल्टपेक्षा जास्त दाब कपॅसिटरला काही वेळापुरता चालतो, सतत चालत नाही. दिवसा सगळे पंप चालू असताना व्होल्टेज पडते हे सर्वांना दिसते. पण रात्रीच्या पाळीत थोडेच पंप चालू असले की ते चढते, हे कुणी पाहत नाही. ४१५ व्होल्टचा कपॅसिटर ४६० व्होल्टवर सापडला तर दाब जवळजवळ ११ टक्के जास्त होतो आणि त्याचे आयुष्य घटते. ४४० च्या कपॅसिटरला हाच दाब साडेचार टक्केच जास्त पडतो. म्हणून आपल्याकडच्या शेतीपंपासाठी ४४० व्होल्टचा कपॅसिटर सोयीचा.

(३) फेज आणि सायकल. तीन फेजच्या मोटरला तीन फेजचा कपॅसिटर, ५० हर्ट्‌झचा. त्याला तीन टोके असतात.

(४) मायक्रोफॅरड. काही पाट्यांवर हा आकडाही असतो. २ किलोव्हार, ४४० व्होल्टच्या तीन फेज कपॅसिटरमध्ये आत तीन भाग असून प्रत्येक सुमारे ११ मायक्रोफॅरडचा असतो. घरच्या सिंगल फेज मोटरला जे स्टार्टिंगचे आणि रनिंगचे कंडेन्सर असतात त्यांच्यावर फक्त मायक्रोफॅरड लिहिलेले असते. ते काम निराळे, वस्तू निराळी. एकाच्या जागी दुसरा लावू नये.

(५) तापमानाचा वर्ग. हा आकडा कुणी पाहत नाही, आणि आपल्या भागात सर्वांत महत्त्वाचा तोच आहे. पाटीवर ‘-२५/’ असे लिहून पुढे एक इंग्रजी अक्षर असते. ‘बी’ म्हणजे भोवतालचे कमाल तापमान ४५ अंश, ‘सी’ म्हणजे ५० अंश, ‘डी’ म्हणजे ५५ अंश. तापीकाठी चैत्र-वैशाखात सावलीतच पारा चाळिशीपार जातो. मग उन्हात उभ्या असलेल्या बंद पत्र्याच्या पेटीत काय होत असेल याचा विचार करा. म्हणून ‘डी’ वर्गाचा घ्यावा. तरीही पेटी पंपघराच्या आत किंवा झाडाच्या सावलीत ठेवावी आणि तिला हवेच्या खिडक्या असाव्यात. उत्तम कपॅसिटरही उन्हात ठेवला तर फुगतो.

(६) मानक चिन्ह. कमी दाबाच्या, आतून स्वतः सावरणाऱ्या कपॅसिटरसाठी भारतीय मानक आय.एस. १३३४० आहे. आत बारीकशी ठिणगी पडून छिद्र झाले तर तेवढाच भाग जळून कपॅसिटर पुन्हा काम करू लागतो, त्याला सावरणारा म्हणतात. पाटीवर आय.एस.आय. चिन्ह, मानक क्रमांक, कारखान्याचे नाव आणि निर्मितीचे वर्ष असावे. यांपैकी काहीच नसलेला, नुसता रंगवलेला डबा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. पक्की पावती मागावी.

(७) डिस्चार्ज रेझिस्टन्स. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. ती हळूहळू उतरवणारा रेझिस्टन्स आत बसवलेला आहे असे पाटीवर किंवा सोबतच्या कागदावर लिहिलेले असते. नसेल तर तो कपॅसिटर घेऊ नये.

कोणत्या मोटरला किती?

साधारणपणे पुढील माप धरावे :

३ अश्वशक्ती – १ किलोव्हार
५ अश्वशक्ती – २ किलोव्हार
७.५ अश्वशक्ती – ३ किलोव्हार
१० अश्वशक्ती – ४ किलोव्हार
१५ अश्वशक्ती – ५ किलोव्हार

‘दोन चांगला, तर चार आणखी चांगला’ हा हिशेब येथे लावू नये. उसाला युरिया जास्त झाला की ऊस लोळतो, तसेच हे आहे. मोटर बंद केल्यावरही ती क्षणभर फिरत राहते. त्या वेळी कपॅसिटर गरजेपेक्षा मोठा असेल तर मोटर स्वतःच वीज तयार करू लागते आणि टोकांवर दाब वाढून वाइंडिंगला धोका पोहोचतो. म्हणून मोटर रिकामी फिरताना जो करंट घेते, त्याच्या ९० टक्क्यांपेक्षा कपॅसिटरचा करंट जास्त नसावा, असा नियम आहे. मोटर दोनदा-तीनदा रिवाइंड केलेली असेल तर माप ठरवण्यापूर्वी वायरमनला विचारावे.

कुठे जोडायचा?

कपॅसिटर स्टार्टरच्या पुढे, म्हणजे मोटरच्या बाजूला जोडावा. मोटर चालू झाली की तो चालू, बंद झाली की बंद. थेट मेन स्विचवर जोडून ठेवला तर तो मोटर बंद असतानाही लाइनवर राहतो, ते बरोबर नाही.

यात एक बारकावा आहे. स्टार्टरमधल्या ओव्हरलोड रिलेच्या पुढे कपॅसिटर जोडला तर रिलेमधून जाणारा करंट कमी होतो. आपल्या उदाहरणात ८.१ चा ६.९ झाला. रिले पूर्वीच्याच आकड्यावर ठेवला तर मोटर जळायला लागली तरी तो पडणार नाही. तेव्हा एक तर कपॅसिटर काँटॅक्टर आणि रिले यांच्यामध्ये जोडावा, म्हणजे रिले बदलावा लागत नाही; नाही तर रिलेचा आकडा नव्या करंटप्रमाणे खाली आणावा. स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर जोडणी वेगळी असते, ती जाणकाराकडूनच करून घ्यावी.

हे सगळे काम परवानाधारक वायरमनचे आहे. कपॅसिटरला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करून फ्यूज काढावेत आणि किमान पाच मिनिटे थांबावे. मग टेस्ट लॅम्पने पाहून, इन्सुलेटेड वायरने टोके एकमेकांना जोडून घ्यावीत. ‘वीज तर गेलेली आहे’ म्हणून हात घालू नये.

चालतो की मेला, हे कसे कळावे?

कपॅसिटर बिघडला तर मोटर बंद पडत नाही, म्हणून तो गेल्याचे वर्षानुवर्षे कळत नाही. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, वायरमनकडून क्लॅम्प मीटर लावून तिन्ही वायरींतला करंट पाहावा. ४४० व्होल्टचा कपॅसिटर ४१५ व्होल्टवर असेल तर १ किलोव्हारला सुमारे १.२ अँपिअर, २ ला २.५, ३ ला ३.७, ४ ला ४.९ आणि ५ ला ६.२ अँपिअर यायला हवा. व्होल्टेज कमी असेल तर त्या मानाने थोडा कमी येईल. तिन्ही वायरींत आकडा सारखा असावा. एकीत फार कमी आला किंवा डबा फुगलेला, तेल गळलेला दिसला, तर तो बदलावा.

काही शंका

‘कपॅसिटरने बिल कमी होईल का?’ – त्या आशेने घेऊ नये. मीटर कामाची वीज मोजतो, आणि ती कपॅसिटरने बदलत नाही. स्टार्टरपासून विहिरीतल्या मोटरपर्यंतच्या केबलमधला करंटही बदलत नाही. फायदा होतो तो स्टार्टरच्या अलीकडे, म्हणजे खांबावरच्या तारा आणि रोहित्र यांना.

‘मग बिलच माफ असेल तर आम्ही खर्च का करावा?’ – २०२४ साली राज्य शासनाने मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना आणली, तीत ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना सवलत आहे. पण बिल शून्य झाले म्हणून रोहित्रावरचा भार शून्य होत नाही. ६३ के.व्ही.ए.चे रोहित्र ६३ च सोसते. ते जळाले तर पाणी आपलेच थांबते.

‘कपॅसिटर लावला की कमी व्होल्टेजवर मोटर चालेल का?’ – नाही. सर्वांनी लावला तर व्होल्टेज पडण्याचे प्रमाण कमी होते, हे खरे. पण व्होल्टेज ३०० वर आले असताना मोटर चालवली तर ती जादा करंट ओढून जळणारच. वर पाहिल्याप्रमाणे त्या वेळी कपॅसिटरचीही ताकद निम्म्याहून कमी झालेली असते. कपॅसिटर लावला म्हणून ओव्हरलोड रिले बांधून ठेवू नये.

‘दोन फेजवर कंडेन्सर लावून मोटर चालवतात, ते काय?’ – ते हे नव्हे. तो जुगाड आहे आणि त्यात मोटर तापते. त्याची शिफारस आम्ही करणार नाही.

‘सौरपंपाला लावायचा का?’ – नाही. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेसारख्या योजनांतून पंप मिळालेल्यांनी कंट्रोलर आणि मोटर यांच्यामध्ये कपॅसिटर मुळीच लावू नये. त्याने कंट्रोलर बिघडतो.

‘ऑटो स्विचचे काय?’ – तो काढावा. वीज आली रे आली की सगळ्या डी.पी.वरचे पंप एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट घेते. वर केलेला साडेएकोणसाठचा हिशेब चालू मोटरींचा आहे. बारा मोटरी एकदम उठल्या तर तो कपॅसिटर असूनही कोलमडतो. एक जण पाच मिनिटे थांबला तर त्याच्या उसाचे काही बिघडत नाही.

आता करावयाचे

आमची विनंती अशी की प्रत्येक डी.पी.वरच्या पंपधारकांनी एक दिवस एकत्र बसावे. बोरद असो, प्रतापपूर असो, मोड असो की हातोड्याकडची तापीकाठची शेते, पद्धत सगळीकडे सारखीच. एका वहीत प्रत्येकाच्या मोटरची अश्वशक्ती लिहावी, कपॅसिटर आहे की नाही आणि असल्यास पाटीवर काय आहे ते लिहावे. ज्यांच्याकडे नाही त्यांची यादी करून एकदम खरेदी करावी. सर्वांचा माल एकाच प्रकारचा येतो, भावही बरा पडतो, आणि वायरमन एकाच दिवसात सगळी जोडणी करतो. हे काम सुरू उसाची लागण आटोपली की उन्हापूर्वी करून घ्यावे. डी.पी. जळाल्यावर सगळे एकत्र येतातच, ते दोन महिने आधी आले तर बरे.

दुकानात जाताना एवढे ध्यानात ठेवावे : मोटरप्रमाणे किलोव्हार, ४४० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ, तीन फेज, ‘डी’ वर्ग, आय.एस.आय. चिन्ह, आत डिस्चार्ज रेझिस्टन्स, आणि पक्की पावती.

एका डी.पी.वरचे बारा शेतकरी म्हणजे एक छोटी सहकारी संस्थाच आहे. तिला ना शेअर्स आहेत ना अध्यक्ष, पण तोटा झाला तर तो बाराही जणांत सारखा वाटला जातो. फायदाही तसाच वाटून घेता येतो. वहीतल्या नोंदी घेऊन गट कार्यालयात यावे. कोणत्या मोटरला किती किलोव्हार, हा तक्ता आम्ही तेथे लावून ठेवत आहोत, आणि गटातले आमचे कर्मचारी यादी करण्यास मदत करतील.

– ऊस विकास अधिकारी